आयटीआर भरायला पैसे द्यायचे का? आमच्या घरातल्या तीन रिटर्नचा अनुभव

ऑफिसमध्ये जून-जुलै आला की डबा खाताना हाच विषय असतो, इन्कम टॅक्स रिटर्न (आयटीआर) कुठून भरलंस, किती घेतले, रिफंड आला का. २०२५ मध्ये मी घरातली २०२४-२५ ची तीन रिटर्न भरली, माझं, बाबांचं आणि दादाचं, आणि तिन्हींची गोष्ट वेगळी झाली. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू, कारण गरज नसताना हजार-दीड हजार भरणारे पण मी बघितलेत आणि जिथे पैसे द्यायलाच हवे होते तिथे वाचवायला जाऊन अडकलेले पण बघितलेत.

आधी माझं. प्रायव्हेट नोकरी, एक पगार, एफडीचं थोडं व्याज, बस. वर्षाचं सगळं मिळून ९,६०,०००. हे इन्कम टॅक्स खात्याच्या सरकारी पोर्टलवर आयटीआर-१ (पगार-पेन्शनवाल्यांचा साधा फॉर्म) मधून भरलं, एक रुपया लागला नाही आणि खरं सांगते चाळीस मिनिटांत झालं, त्यातली वीस मिनिटं मी फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) घेऊन आकडे जुळवत बसले होते. कंपनीनं आणि बँकेनं टीडीएस (आधीच कापलेला टॅक्स) भरताना वगैरे खात्याला जे कळवलेलं असतं ते बरंचसं आधीच भरून येतं, पगार, कापलेला टॅक्स, बँकेचं व्याज, खाते क्रमांकसुद्धा. पाच भाग असतात, वैयक्तिक माहिती, उत्पन्न, वजावटी, भरलेला टॅक्स आणि शेवटी हिशोब, एकेक उघडायचा, तपासायचा, कन्फर्म करायचा. एवढंच.

एक जागा मात्र फसवी आहे. नवीन रिजीम (टॅक्स मोजायची पद्धत, नवीनमध्ये दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत) आता डिफॉल्ट आहे आणि फॉर्म विचारतो की तुम्हाला नवीन रिजीममधून बाहेर पडायचंय का. म्हणजे जुनी हवी असेल तर 'हो' म्हणायचं आणि नवीन हवी असेल तर 'नाही'. घाईत वाचलं तर हमखास उलटं होतं, माझं पहिल्यांदा झालंच होतं, शेवटच्या पानावर आकडा बघून दचकले तेव्हा कळलं. त्याआधी पोर्टलवरच इन्कम टॅक्स कॅल्क्युलेटर आहे, लॉगिन पण लागत नाही, त्यात दोन्ही करून बघितलं होतं. नवीनमध्ये ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगार-पेन्शनवरची सरसकट वजावट) जाऊन टॅक्स आला ४०,०४०. जुन्यात ५०,००० स्टँडर्ड, ८०सी चे (पीएफ, विमा वगैरेचे) दीड लाख, मेडिक्लेमचे २५,००० आणि आपला महाराष्ट्राचा २,५०० प्रोफेशनल टॅक्स एवढं सगळं धरूनही ६१,३६०. हा हिशोब करून देतो म्हणून जाहिरात करणाऱ्या साइट बऱ्याच आहेत, पण तो फुकट उपलब्ध आहे हे लक्षात ठेवा. आणि जुनी रिजीम घेणार असाल तर २०२५ पासून नुसता आकडा टाकून चालत नाही, पॉलिसी नंबर, विमा कंपनीचं नाव वगैरे पण मागतात, ते कागद जवळ घेऊनच बसा.

आता बाबांचं, आणि मी मुळात लिहायला बसले ते ह्याच्यासाठी. बाबा रिटायर्ड, महिन्याला ४०,००० पेन्शन, बँकेत एफडी आणि पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये ५ लाख. मला वाटलं आपण पोर्टलवर चुका करू, वयस्कर माणसाचं आहे, नोटीस वगैरे नको यायला, म्हणून एका पेड साइटवर भरायला घेतलं. नाव घेत नाही, जाहिरात सगळ्यांनी बघितलेली आहे. सुरुवातीला 'फ्री' लिहिलेलं. पेन्शनचा फॉर्म १६ अपलोड केला, बँकेचा १६ए (व्याजावर कापलेल्या टॅक्सचा दाखला) अपलोड केला, दोन मिनिटांत सगळं भरलं आणि वर हिरव्या अक्षरात रिफंड ९,२०० असं दिसायला लागलं. मग पुढे गेले तर एफडीचं व्याज आहे म्हणून प्लॅन बदलला, ९९९ अधिक जीएसटी म्हणजे ११७९ रुपये. म्हणजे ९,२०० परत मिळवायला ११७९ द्यायचे.

ते पण मी दिले असते. मी कार्ड काढून बसले होते. पण बाबा शेजारीच बसलेले, चष्मा लावून स्क्रीन बघत होते आणि म्हणाले, "ह्यात पोस्टाचं कुठंय गं?"

मी म्हटलं, "बाबा, पासबुक दाखवा जरा." आतल्या खोलीतून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पासबुक आणलं, दर तिमाहीला १०,२५० जमा, चार वेळा, म्हणजे ४१,०००. त्या साइटवर त्याचा पत्ताच नाही. कारण सरळ आहे, मी जे दोन कागद दिले तेवढंच तिनं वाचलं. पोस्टात टीडीएस कापला गेला नव्हता म्हणून त्याचा कागदच नव्हता, आणि 'अजून कुठलं व्याज आहे का' हा प्रश्न एका दुमडलेल्या मेनूत होता जो मी उघडलाच नव्हता. मग सरकारी पोर्टलवर बाबांचं एआयएस (खात्याकडे असलेली आपल्या उत्पन्नाची यादी) उघडलं तर तिथे पोस्टाचं व्याज व्यवस्थित दिसत होतं. म्हणजे खात्याला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि मी जिच्यावर विसंबून पैसे द्यायला निघाले होते तिला तेवढं माहीत नव्हतं.

ह्यात टॅक्सचा फरक शून्य, हेही सांगते, उगाच घाबरवायचं नाहीये. पेन्शन ४,८०,०००, बँकेचं व्याज ९२,०००, पोस्टाचं ४१,०००, मिळून ६,१३,०००, त्यातून ७५,००० गेले की ५,३८,०००, आणि त्या वर्षी नवीन रिजीममध्ये ७ लाखांपर्यंत रिबेट (टॅक्स माफी) होतं त्यामुळे टॅक्स काहीच नाही, बँकेनं कापलेले ९,२०० पूर्ण परत. पण व्याज लपवलं असं दिसलं असतं ना. एआयएसमध्ये आहे आणि रिटर्नमध्ये नाही म्हटल्यावर विचारणा येऊ शकते, आणि ७२ वर्षांच्या माणसाला टॅक्सचा मेसेज आला की त्या रात्रीची झोप गेली म्हणून समजा. रिटर्न कुठूनही भरा, खाली सही तुमची असते, जबाबदारी तुमची असते. मी ती साइट बंद केली, पोर्टलवर आयटीआर-१ उघडलं, आणि बाबा आकडे वाचत गेले नि मी टाकत गेले. दोघांना मिळून एक तास लागला.

आणि हो, त्या साइटवर नंबर दिल्यापासून पर्सनल लोनवाल्यांचे फोन सुरू झालेत बाबांना. दुपारी झोपायच्या वेळेला. ह्याचा मला खूप राग आहे.

दादाचं मात्र मी पैसे देऊनच भरलं आणि पुढच्या वर्षी पण देणार. त्याचा पगार आहे, पण शेअर्सची डिलिव्हरीत खरेदी-विक्री चालू असते, वर्षात साठेक सौदे, शिवाय म्युच्युअल फंडातले काही युनिट विकलेले. नुसते इक्विटी फंड विकून लाँग टर्म (वर्षापेक्षा जास्त ठेवून विकल्याचा) फायदा सव्वा लाखाच्या आत असता तर २०२५ पासून आयटीआर-१ पण चाललं असतं, ही नवीन सोय झालीये, खूप जणांना माहीत नाही. पण त्याला शॉर्ट टर्ममध्ये (वर्षाच्या आत विकलेल्यांत) तोटा होता, तो पुढे न्यायचा होता, म्हणजे आयटीआर-२ च लागतं. त्यात २०२४-२५ हे वर्ष म्हणजे डोकेदुखी, २३ जुलै २०२४ ला दर बदलले, शॉर्ट टर्म १५ चा २० टक्के आणि लाँग टर्म १० चा साडेबारा टक्के, त्यामुळे सगळे सौदे त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे असे वेगळे दाखवायचे. पोर्टलवर हे होत नाही असं नाही, होतं, पण साठ सौद्यांची बेरीज-वजाबाकी हातानं करून टाकायची म्हणजे दोन रविवार गेले असते आणि तरी भरवसा नाही. पेड साइटला ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचा) रिपोर्ट दिला, सगळं आपापल्या खणात जाऊन बसलं. १५०० अधिक जीएसटी, १७७० झाले. तोटा निघाला ३८,०००, तो ८ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. पुढे कधी शॉर्ट टर्म फायदा झाला की २० टक्क्यांनी ७,६०० वाचतील. ह्याला म्हणतात पैसे वसूल.

तरी तिथेही डोळे मिटून सबमिट करू नका. दादानं काही शेअर्स जुन्या डीमॅटमधून नवीनमध्ये ट्रान्सफर केले होते, ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये त्यांची खरेदी किंमत शून्य, आणि सॉफ्टवेअरनं विक्रीची सगळी रक्कम फायदा म्हणून धरली. पहिल्यांदा तोट्याऐवजी फायदाच दिसत होता. दादा म्हणाला, "असू दे गं, त्यांनी बरोबरच काढलं असेल." मी म्हटलं दादा, तुझा तोटा तुला माहितीये ना, मग कागद शोध. जुन्या काँट्रॅक्ट नोट (सौद्याच्या पावत्या) ईमेलमध्ये सापडल्या, किमती हातानं टाकल्या, तेव्हा आकडा जाग्यावर आला.

आता मला कोणी विचारलं की फुकट की पेड, तर मी आधी हेच विचारते की तुझं सगळं उत्पन्न एआयएसमध्ये आहे का, आणि शेअर्स विकलेस का. पगार, पेन्शन, एक घर, व्याज, एवढंच असेल आणि उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर पोर्टल पुरे, तिथे पैसे देणं म्हणजे भरलेला फॉर्म परत भरून घेण्याचे पैसे. शेअर्सचे भरपूर सौदे असतील तर पेड घ्या. इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करत असाल, परदेशी कंपनीचे शेअर मिळत असतील, आपल्याकडे पवई-बीकेसीच्या कंपन्यांतल्या पोरांना हल्ली मिळतातच, किंवा जुनी खोली विकली असेल, तर सॉफ्टवेअरच्या नादाला लागू नका, स्टेशनजवळच्या सीएकडे जा, समोर बसून विचारता तरी येतं.

पेड साइट वापरलीत तर पोर्टलचा पासवर्ड कोणाला देऊ नका. नोंदणी असलेल्या साइट ओटीपीनं परवानगी मागतात, पासवर्डची गरजच नसते. आणि ई-व्हेरिफाय (भरलेलं रिटर्न आपलंच आहे असं ऑनलाइन पक्कं करणं) करायला विसरू नका, हे तर मी हात जोडून सांगते. आमच्या ऑफिसमधल्या एकानं २०२४ ला २८ जुलैला पैसे भरून रिटर्न भरलं, 'सक्सेसफुली फाइल्ड' आलं, तो निवांत. व्हेरिफिकेशन राहिलं होतं, त्याला ३० दिवस असतात, ह्याला कळलं ऑक्टोबरमध्ये. मग ज्या दिवशी व्हेरिफाय केलं तीच भरल्याची तारीख धरली गेली, लेट फी ५,००० आणि वर जुनी रिजीम पण गेली कारण उशिराच्या रिटर्नला ती घेता येत नाही. आधारचा एक ओटीपी टाकला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. २०२५ ला मुदत वाढून १५ आणि मग १६ सप्टेंबर झाली म्हणून बरेच जण वाचले, दर वर्षी तसं होईल असं धरून बसू नका.

बाबांचा रिफंड ऑगस्टमध्ये आला. ९,२०० च्या जागी ९,४३० आले म्हणून त्यांना काळजी, जास्त कसे आले, परत करायचे का. ते वरचे २३० म्हणजे खात्यानं दिलेलं व्याज, महिन्याला अर्धा टक्का. ते पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्नात दाखवावं लागतं, म्हणून त्यांनी पासबुकावर त्या ओळीपुढे पेन्सिलीनं 'टॅक्सचं व्याज २३०' असं लिहून ठेवलंय, आणि एप्रिलमध्ये बँकेत टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म द्यायचा म्हणून कॅलेंडरवर पण खूण करून झालीये.