बिअरची शेड विजेवर नेली त्याची गोष्ट: दोन मशिनं, एक पॅनल आणि वाफ

केटलला, म्हणजे बिअरचा रस उकळायच्या भांड्याला, पहिली जोरदार उकळी फुटली आणि वीसएक मिनिटांत छताच्या पत्र्यावरून एक थेंब सुटला. तपकिरी. खिळ्याजवळचा गंज सोबत घेऊन तो खाली आला आणि बरोब्बर केटलच्या मधोमध टपकला. वर बघतो तर अख्खा पत्रा घामेजलेला, पुढचे थेंब नंबर लावून उभे. साडेपाच किलोवॅटचं एलिमेंट (विजेवर तापणारी सळई), तापमान राखणारा कंट्रोलर, चकचकीत स्टेनलेसचं भांडं, या सगळ्यावर मी काही महिने डोकं खपवलं होतं. वाफ कुठं जाणार, एवढं मात्र कुणीच विचारलं नव्हतं. म्हणजे मीच विचारलं नव्हतं.

ही शेड आता चौथ्या वर्षात आहे. ३ मीटर बाय ४ मीटर, उंची अडीच मीटर. आत फक्त बिअर होते, दुसरं काही नाही. 'भट्टी लावलीय' म्हणून हसणाऱ्यांसाठी सांगतो, इथं गाळायचं काम चालत नाही. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट आणि पाणी, संपलं. घरी बिअर करायला कायदा किती मोकळीक देतो हे जागोजागी वेगळं असतं, ते ज्याचं त्यानं आधी बघून घ्यावं.

आधी मी गॅसच्या मोठ्या बर्नरवर उघड्यावर काम करायचो. वारा सुटला की ज्योत एकीकडे आणि केटल दुसरीकडे. बर्नर शेडमध्ये घ्यायचा विचार अर्थातच आला होता, पण बंद जागेत तासन्‌तास जळणारा बर्नर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड व्हायला लागलं तरी माणूस म्हणतो हॉप्सचा वास चढला असेल. म्हणून वीज.

पहिलं मशीन घेतलं ते एकाच भांड्यात सगळं होणारं, ३५ लिटरचं, २.४ किलोवॅटचं. आत जाळीचा डबा, डब्यात मॉल्ट, खाली पंप, वर आकडे दाखवणारी पट्टी. नवशिक्याला मी आजही हेच सुचवीन. साध्या प्लगवर चालतं, वेगळी वायरिंग लागत नाही, तापमान अर्ध्या अंशाच्या आत धरून ठेवतं. पण वेळ! ३० लिटर पाणी २० अंशांवरून ६७ वर न्यायला कागदावर ४१ मिनिटं येतात, माझ्याकडे पन्नासच्या खाली कधी आलं नाही. पुढं मॅश (मॉल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) झाल्यावर उकळीपर्यंत पुन्हा पाऊण तास. आणि उकळी तरी कसली, दुधावर साय हलावी तशी. भांड्याला बाहेरून जाड फोमचं जॅकेट गुंडाळल्यावर जरा जीव आला. ते जॅकेट मशीनसोबतच द्यायला हवं होतं.

दुसरी तक्रार कमरेची आहे. ६ किलो कोरडं मॉल्ट स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज धरून ठेवतं, म्हणजे डबा उचलताना १२ किलो, वर डब्याचं वजन, शिवाय ते गरम, चिकट आणि छातीच्या उंचीपर्यंत न्यायचं. दोनदा मेव्हण्याला बोलावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "दाजी, एक कप्पी टांगा ना छताला." टांगली. संपूर्ण शेडमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारी वस्तू तीच.

तिसरी तक्रार मात्र मशीनची. एलिमेंट तळाखाली बसवलेलं, आणि मॉल्टचं पीठ तळाशी बसतं. गव्हाची बिअर करताना उकळीच्या मध्येच सुरक्षेचं बटण पडलं. ते बटण कुठं? मशीनच्या बुडाखाली. भांड्यात २७ लिटर उकळता वर्ट (मॉल्टचा गोड रस) आणि मी आडवा होऊन खालून काडीनं बटण दाबतोय. नंतर तळ बघितला तर हाताच्या पंजाएवढा काळा डाग. त्या बिअरला जळक्या टोस्टचा वास राहिला तो राहिलाच. ज्यानं हे बटण तिथं ठेवलं त्यानं स्वतः त्या मशीनवर एकदा तरी बिअर केली असेल असं वाटत नाही.

म्हणून पुढची पायरी. ६० लिटरची केटल, तेवढीच गरम पाण्याची टाकी आणि मधे मॅशचं भांडं. केटल आणि टाकी दोन्हींत ५.५ किलोवॅटचं एकेक एलिमेंट, पण पॅनलवरच्या स्विचमुळे एका वेळी एकच चालतं. मॅशचा रस पंपानं टाकीतल्या कॉइलमधून (वेटोळ्या नळीतून) फिरतो, त्यामुळे एलिमेंट वर्टला थेट शिवतच नाही. केटलमध्ये मात्र ते वर्टमध्येच बुडालेलं असतं, आणि तरी करपत नाही. कारण ते लांबच लांब, घड्या घातलेलं आहे, तेवढीच ताकद जास्त पृष्ठभागावर पसरते. एलिमेंट घेताना किलोवॅटच्या आधी लांबी बघा. आखूड आणि जोरदार एलिमेंट पाण्याला चालतं, वर्टला नाही.

वेगाबद्दल काय बोलू. ४५ लिटर वर्ट ६७ वरून उकळीला वीस-बावीस मिनिटांत येतो. मात्र हे पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर. व्होल्टेज २०० वर उतरलं की एलिमेंटची ताकद वर्गाच्या हिशेबानं घटते, साडेपाचचे चार-सव्वाचार किलोवॅट होतात. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे लागल्यावर हे मला नेहमी दिसतं, त्यामुळे मी सकाळी लवकर सुरू करतो.

वायरिंग स्वतः करू नका. मला सोल्डरिंग येतं, पॅनल मी जोडू शकलो असतो, पण २४ अँपिअर, ओली फरशी आणि ओले हात हे गणित वेगळं आहे. वायरमननं स्वतंत्र लाइन ओढली, ६ स्क्वेअर एमएमची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि सगळ्या भांड्यांना वेगळं अर्थिंग. तो आरसीसीबी दीड वर्षानं एकदा सारखा पडायला लागला. मी पॅनल उघडून सगळे स्क्रू आवळले, काही नाही. वायरमन आला, मीटर लावला आणि विचारलं, "साहेब, हे मशीन किती दिवस बंद होतं?" तीन महिने, पावसाळाभर. एलिमेंटच्या आतली पावडर ओल धरते आणि करंट गळतो, हे तेव्हा कळलं. एलिमेंट काढून मंद ओव्हनमध्ये काही तास वाळवलं, पुन्हा बसवलं, आरसीसीबी गप्प. पडतोय म्हणून आरसीसीबीच काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या शेडमध्ये मी चप्पल काढत नाही.

आता पॅनल. तो किट स्वरूपात मागवला होता, आणि विकणाऱ्यावर माझा राग अजून आहे. आतला सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) एलिमेंटला सेकंदासेकंदाला चालू-बंद करतो. हे करताना तो स्वतः तापतो, साधारण अँपिअरमागे एक ते दीड वॅट, म्हणजे २४ अँपिअरला तीसेक वॅट. त्याची हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) किटमध्ये पेटीच्या आत बसवायला दिली होती. बंद पेटीत. दहाव्या-बाराव्या खेपेला मॅश ६७ वर स्थिर होता, मी हॉप्स मोजत होतो, सहज मान वळवली तर आकडा ६९. कंट्रोलरचा दिवा विझलेला, म्हणजे तो म्हणतोय की मी बंद आहे. ७०. ७१. टाकीतून मात्र पाणी गुरगुरल्याचा आवाज. स्विच फिरवला, तरी चालूच. कारण हा रिले मरतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच चिकटून मरतो, आणि त्या स्विचनं फक्त रिलेचा इशारा तुटत होता, वीज नाही. शेवटी धावत जाऊन एमसीबी पाडला तेव्हा मॅश ७४ ला पोचला होता.

त्या बिअरचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. मॉल्टमधल्या स्टार्चची साखर करणारी दोन मुख्य एन्झाइमं असतात. एक ६२ ते ६५ च्या आसपास खुशीत असतं आणि यीस्टला आवडणारी साखर करतं, दुसरं ७० च्या पुढंही तग धरतं पण यीस्टला न पचणारे तुकडे मागं ठेवतं. ७४ ला पहिलं मेलं. नेहमी १.०११ घनतेवर (जितकी साखर उरते तितका हा आकडा जास्त) थांबणारी बिअर १.०२० वर अडली. गोड, जड, अर्धा ग्लास पिऊन हात आखडावा अशी. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की रिले ही झिजणारी वस्तू आहे. बरोबर आहे, पण मग पुढं कॉन्टॅक्टर (मुख्य वीजच तोडणारा मोठा स्विच) का नाही दिला? तो मी नंतर बसवला, आता स्विच बंद म्हणजे वीज खरोखर बंद. हीटसिंक पेटीच्या बाहेर काढली. बाकी कंट्रोलर उत्तम आहे, सेन्सर चोख आहे, पेटीची वायरिंग नीटनेटकी आहे. पण आगीशी खेळणाऱ्या वस्तूत एवढी काटकसर केली म्हणून पाचातले दोनच गुण.

आणि आता पुन्हा छत. उकळताना माझे तासाला चार लिटर उडायचे. एक लिटर पाण्याची सोळा-सतराशे लिटर वाफ होते. चार लिटरची साडेसहा हजार, आणि माझ्या शेडमध्ये हवाच मुळी तीस हजार लिटर. पत्रा रडणार नाही तर काय करणार. आधी भिंतीत एक्झॉस्ट फॅन लावला आणि दार लावून घेतलं. फॅन नुसता फिरायचा, कारण आत यायला हवेला वाटच नव्हती. समोरच्या भिंतीत खाली जाळी ठेवली तेव्हा जरा ओढ लागली. मग केटलवर हूड केला, त्याच्या कडेला थेंब झेलायची पन्हाळ. तीही भरून वाहिली. हूड आणि केटल यांत हातभर अंतर राहिलं की अर्धी वाफ बाजूनं निसटतेच.

शेवटी वाफ थंड करणारं झाकण आणलं, आणि इथं मला खरोखर आनंदानं लिहायचंय. केटलचं झाकण बंद, बाजूला एक नळी, नळीत बारीक फवारा. थंड पाण्याच्या तुषारांवर वाफ येऊन विरते, त्यानं ओढ तयार होते आणि मागची वाफ आपोआप तिकडं खेचली जाते. पंखा नाही, आवाज नाही. तासाला पंचवीसेक लिटर पाणी लागतं, आणि ते हात लावता येणार नाही इतकं तापून बाहेर पडतं. ते मी बादलीत धरतो, नंतर भांडी धुवायला वापरतो. झाकण बंद असल्यानं एलिमेंट ३० टक्क्यांवर ठेवलं तरी उकळी टिकते, आणि उडतात फक्त दोन लिटर. मला भीती होती की बंद झाकणामुळे उकडलेल्या मक्यासारखा तो नकोसा वास राहील. नाही राहिला, फिकट मॉल्टच्या बिअरमध्येसुद्धा नाही, कारण वाफ नळीतून बाहेर जातेच, परत ठिबकत नाही. पहिल्यांदा वापरलं त्या दिवशी मी तासभर छताकडेच बघत बसलो. कोरडं ठणठणीत.

पंपाबद्दल एवढंच, चुंबकावर फिरणारा घ्या, सगळ्यात खाली बसवा, नाहीतर उकळत्या पाण्यात तो हवा धरतो, आणि कोरडा कधीच फिरवू नका. फर्मेंटर (बिअर आंबायचं भांडं) एका जुन्या फ्रिजमध्ये, तापमानाच्या कंट्रोलरवर. २० लिटरच्या एका खेपेत किलोभर कार्बन डायऑक्साइड निघतो, पाचशे लिटरच्या वर गॅस, आणि तो हवेपेक्षा जड असल्यानं फरशीलगत साठू शकतो. त्यासाठी ती खालची जाळी बारा महिने उघडी ठेवतो आणि गुडघ्याच्या उंचीवर एक अलार्म लावलाय.

बिअर सुधारली का, हे सगळे विचारतात. खरं सांगायचं तर, फारशी नाही. चव सुधारली होती ती फ्रिजमुळे, आणि तो तर गॅसच्या काळातच घेतला होता. विजेनं एवढं केलं की गेल्या वेळची चांगली बिअर या वेळी पुन्हा करता येते. आणि दिवस आठ तासांवरून साडेपाचवर आला. ज्याच्याकडे बेताचेच पैसे आहेत त्यानं आधी फ्रिज घ्यावा, मग वाफेची सोय, मग मोठं एलिमेंट. मी नेमकं उलट केलं.

फरशीचं राहिलंच. मीटरला दोन सेंटीमीटर उतार सांगितला होता, गवंड्यानं दिलाही, अगदी मापात. फक्त नाली मागच्या भिंतीला आणि उतार दाराकडे. फोडायला मन होत नाही, त्यामुळे दारामागे एक लांब वायपर टांगलाय आणि चपला बाहेरच्या पायरीवर ठेवतो.