फोर्कलिफ्टचा बोल्ट वारंवार तुटतो : वरचा ग्रेड घ्यावा की जोड उघडावा?

सांगलीतील हळदीचे गोदाम असो, बेदाण्याचे शीतगृह असो वा कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कारखाना, फोर्कलिफ्टच्या मास्टचा (माल वर-खाली नेणाऱ्या उभ्या चौकटीचा) किंवा ॲक्सलचा (चाकांच्या आसाचा) एकाच जागचा बोल्ट पुन्हा पुन्हा तुटू लागला की मालकापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ८.८ ऐवजी १०.९ किंवा १२.९ अशा वरच्या ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या दर्जाचा, बोल्ट बसवणे आणि दुसरा म्हणजे गाडी उभी करून पूर्ण जोड तपासणे.

पहिला मार्ग स्वस्त आहे आणि काम थांबत नाही. ८.८ ची नाममात्र ताणशक्ती ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर १२.९ ची १२०० असते. मात्र हे आकडे एकदाच बसणाऱ्या ओढीचे आहेत. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वक्र रेषा दिसल्या, तर बोल्ट थकव्याने, म्हणजे वारंवार बसणाऱ्या भाराने तडा हळूहळू वाढून, तुटला असे समजावे, आणि थकव्याविरुद्धची ताकद ग्रेडच्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय वरच्या ग्रेडचा बोल्ट जुन्याच टॉर्कने (आवळताना दिलेल्या पिळाच्या जोराने) आवळला तर पकड जुनीच राहते. टॉर्क वाढवावा, तर नट किंवा भोकातील आटे तो सोसतीलच असे नाही. विद्युत मुलामा दिलेला १२.९ तर हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊन आवळल्यानंतर काही तासांनी, गाडी उभी असतानाही तुटू शकतो.

दुसऱ्या मार्गात एखादा दिवस जातो, परंतु खरे कारण बहुधा तिथेच सापडते. बैठकीवरचा, म्हणजे बोल्टखाली एकमेकांवर दाबल्या जाणाऱ्या पृष्ठांवरचा, रंग किंवा गंज दबून आवळ सैल होते, लांबट झालेल्या भोकात आणि झिजलेल्या बुशमुळे (भोकात बसवलेल्या नळीमुळे) जोड हलू लागतो, आणि फोर्कलिफ्टला सहसा स्प्रिंगचे निलंबन नसल्याने उंबऱ्यावरचा प्रत्येक धक्का थेट त्या जोडावर येतो. मास्टला आधार देऊनच बोल्ट काढावेत, बैठक साफ करावी, तुटलेल्या बोल्टबरोबर त्या जोडातील सर्व बोल्ट बदलावेत आणि गाडीच्या उत्पादकाच्या पुस्तिकेतील टॉर्कनेच आवळावेत. आवळण्याचा बहुतांश जोर घर्षणात खर्च होत असल्याने, आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचे हेही पुस्तिकेप्रमाणेच ठरवावे. नुसत्या स्प्रिंग वॉशरवर माझा भरवसा नाही. पाचरीच्या दातांची वॉशर जोडी किंवा आट्यांना लावायचे लॉकिंग द्रव त्यापेक्षा बरे, पण दोन्ही योग्य आवळीची जागा घेत नाहीत.

म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा तुटल्यास जोडच उघडावा. अपवाद एकच : पुस्तिकेत १०.९ लिहिलेले असून बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेले आढळले, तर मूळ ग्रेड आधी परत आणावा लागतो, आणि तेव्हाही बैठक व भोक पाहिल्याशिवाय नवा बोल्ट आवळू नये.