आयपॉडमधली गाणी नव्या कॉम्प्युटरवर: अख्खी पेटी उचलायची की गाणी वेचायची?

मिरजेच्या काकांचा फोन आला. "पोरानं नवा लॅपटॉप आणलाय. आयपॉड लावला तर काहीतरी इंग्रजीत विचारतंय. काय दाबू सांग की."

"काका, कॅन्सल दाबा. दुसरं काहीही नको. संध्याकाळी येतोच मी."

ते इंग्रजी वाक्य मला पाठ होतं. हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या संग्रहाशी, जोडलेला आहे, तो पुसून या नव्या लायब्ररीशी जोडायचा का, असं आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायचा ॲपलचा प्रोग्रॅम, विचारतं. नव्या कॉम्प्युटरवरची लायब्ररी रिकामी असते. 'हो' म्हटलं की आयपॉडही तिच्यासारखाच रिकामा होतो. माझ्या मावसभावानं हा उद्योग केलाय. चाळीस जीबी गाणी त्यानं एका बटणात घालवली. नंतर फोटोरेक हा पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम चालवून थोडी परत आली, पण नावं गेलेली, निम्मी अर्धवट.

आयपॉड मुळात घेण्यासाठी बनलाय, देण्यासाठी नाही. गाणी कॉम्प्युटरवरून त्याच्यात जातात, उलटी येत नाहीत. हे मुद्दाम केलेलं आहे. २००१ साली पहिला आयपॉड आला तेव्हा त्याच्या प्लॅस्टिकवरच 'गाणी चोरू नका' असं छापलेलं असायचं. आयट्यून्समध्ये खरेदी केलेली गाणी उलटी काढून घ्यायची सोय आहे, पण भारतात ते दुकान उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. त्याआधी आपल्याकडचे आयपॉड भरले ते सीडी आणि कॅसेटींवरून. त्यामुळे त्या सोयीचा आपल्यापैकी बहुतेकांना काही उपयोग नाही.

मग मार्ग उरतात तीन. जुन्या कॉम्प्युटरवरची आयट्यून्सची अख्खी लायब्ररी उचलायची, आयपॉडच्या पोटात हात घालून फायली काढायच्या, किंवा हेच काम एखाद्या प्रोग्रॅमकडून करून घ्यायचं. मी स्वतःसाठी पहिला वापरला, काकांसाठी दुसरा आणि तिसरा, तेव्हा तिन्हींबद्दल अनुभवानं बोलतोय. गाणी तिन्हींत येतात. गाण्यांबरोबर आणखी काय येतं, यावर निवड ठरवा.

जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर

तर फार विचार करू नका. सांगलीत विश्रामबागच्या घरातला माझा विंडोज सातचा डेस्कटॉप पंख्याचा घरघराट करत का होईना, चालू होता. त्याच्यावर म्युझिक फोल्डरात आयट्यून्स नावाचं एक फोल्डर असतं. त्यात गाणी असतात आणि 'आयट्यून्स लायब्ररी' नावाची एक फाईल असते. त्या फाईलीत सगळा जीव आहे. कुठलं गाणं किती वेळा ऐकलं, कधी घातलं, किती तारे दिले, कुठल्या प्लेलिस्टमध्ये कितव्या नंबरावर आहे, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं.

फोल्डर उचलण्याआधी एक काम चुकवू नका. आयट्यून्सच्या फाईल मेनूत लायब्ररीखाली 'कन्सॉलिडेट' करायची सोय आहे. गाणी डेस्कटॉपवर, डी ड्राइव्हवर, कुठंकुठं विखुरलेली असतील तर ती सगळी एका फोल्डरात आणली जातात. हे न करता फोल्डर उचललं की नव्या कॉम्प्युटरवर निम्म्या गाण्यांपुढं उद्गारचिन्ह येतं. म्हणजे नाव आहे, गाणं नाही. माझं पहिल्या खेपेला असंच झालं. डी ड्राइव्हवर भीमसेन जोशींचं एक फोल्डर राहून गेलं होतं.

मग ते फोल्डर पोर्टेबल हार्ड डिस्कवर घ्यायचं, नव्या कॉम्प्युटरच्या म्युझिकमध्ये ठेवायचं, आणि शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडायचं. लायब्ररी कुठली, असं ते विचारतं. आणलेली दाखवली की झालं. माझ्या बावन्न जीबीला जुन्या मशीनवरून डिस्कवर यायला पाऊण तास लागला. आयपॉड जोडला तर काही विचारलंही नाही, कारण त्याच्या दृष्टीनं लायब्ररी तीच होती. घर बदललं, एवढंच.

नवं आयट्यून्स जुनी लायब्ररी फाईल आपल्या पद्धतीनं बदलून घेतं, आणि बदललेली फाईल मग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून डिस्कवरची प्रत महिनाभर तरी पुसू नका.

फक्त आयपॉड उरला असेल तर

काकांचं घर तेव्हा सांगलीत मारुती चौकाजवळ होतं, तळमजला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कॉम्प्युटर बुडाला आणि त्याच्याबरोबर कॅसेटींचं लाकडी कपाटही. काका विश्रामबागला आमच्याकडं आले ते दोन पिशव्या घेऊन. एकीत कागदपत्रं, दुसरीत औषधं, चार्जर आणि हा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक. त्यात शुक्रवारच्या भजनाची, घरच्या बैठकींची, मिरजेत कुणाकुणाच्या माडीवर झालेल्या गाण्याची चाळीसेक कॅसेटींवरून केलेली रेकॉर्डिंग्ज. आता मूळ कॅसेटी नाहीत आणि कॉम्प्युटरही नाही. असलंच काही तर या डबीत.

अशा वेळी पहिल्या मार्गाचा प्रश्नच नाही. निवड दुसऱ्या आणि तिसऱ्यात करायची.

हातानं काढायचं म्हणजे असं. आयपॉड डिस्क मोडमध्ये न्यायचा. क्लिक व्हील, म्हणजे पुढं गोल चाक, असलेल्या मॉडेलवर मेन्यू आणि मधलं बटण एकदम दाबून धरायचं, सफरचंद दिसलं की लगेच ती सोडून मधलं आणि प्ले दाबून धरायचं. स्क्रीनवर डिस्क मोड असं येतं आणि आयपॉड पेन ड्राइव्हसारखा दिसायला लागतो. विंडोजमध्ये लपलेल्या फायली दाखवा असं सांगितलं की 'आयपॉड कंट्रोल' नावाचं फोल्डर दिसतं, त्यात 'म्युझिक', आणि त्यात एफ०० पासून एफ४९ पर्यंत पन्नास फोल्डरं. ती सगळी उचलून नव्या कॉम्प्युटरवर टाकायची. हे सगळं नव्या मशीनवर आयट्यून्स टाकायच्या आधी करा. ते नसलं की चुकीचं बटण दाबायची सोयच राहत नाही.

खर्च शून्य. वेळ म्हणाल तर क्लासिकमध्ये खरीखुरी फिरणारी हार्ड डिस्क आहे, आणि काकांच्या आयपॉडमधून सेकंदाला दहाएक एमबी येत होते. अडुसष्ट जीबीला दोन तासांच्या आसपास. मे महिना होता, वळीव पडला आणि मध्येच लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती म्हणून निभावलं. डेस्कटॉप असेल तर आधी इन्व्हर्टरचं बघून घ्या.

आणि मग फोल्डर उघडलं. काका शेजारी चष्मा लावून बसले होते. आत सगळ्या फायलींची नावं चार अक्षरी, अर्थाचा पत्ता नाही, पोरानं कीबोर्डवर हात मारल्यासारखी. "हे काय? माझी गाणी कुठायत?" गाणी तीच होती. आयपॉड फायलींना अशीच आंधळी नावं देतो आणि खरी नावं एका वेगळ्या फाईलीत, आपल्या खतावणीत, लिहून ठेवतो.

सीडीवरून घेतलेल्या एमपीथ्रीचं यात काही बिघडत नाही. गाण्याचं नाव, गायक, अल्बम हे त्या फाईलीच्या आतच टॅगमध्ये असतं. आयट्यून्समध्ये गाणी मीडिया फोल्डरात कॉपी करायची आणि फोल्डर नीट लावून ठेवायची, या दोन्ही खुणा करून तो ढीग आत टाकला की गायकवार, अल्बमवार रचून मिळतो. काकांची विकतच्या सीडींवरची नाट्यगीतं दहा मिनिटांत आपापल्या जागी बसली.

घोटाळा झाला तो कॅसेटींचा. ती रेकॉर्डिंग्ज 'वेव' फायलींत होती, मिनिटाला दहा एमबीच्या हिशेबानं, तासाची कॅसेट म्हणजे सहाशे एमबी. वेव फाईलीत आयट्यून्स नाव लिहीतच नाही. काकांच्या पोरानं तेव्हा आयट्यून्समध्ये बसून एकेकाला नाव दिलं होतं, तारीख, कुणाच्या घरी, तबल्याला कोण, सगळं. ते फक्त लायब्ररीत आणि आयपॉडच्या खतावणीत होतं. हातानं काढल्यावर चाळीसच्या चाळीस रेकॉर्डिंग्ज चार अक्षरांची होऊन बसली. एमपीथ्रीलाही कधी टॅग घातलेच नसतील, नुसत्या फाईलीच्या नावावर काम चाललं असेल, तर हेच होतं.

इथं तिसरा मार्ग कामाला येतो. टचकॉपीसारखे प्रोग्रॅम आयपॉडची खतावणी वाचतात, खऱ्या नावांची यादी दाखवतात, आणि फाईल बाहेर काढताना तिला ते नाव देतात. प्लेलिस्ट येतात, तारे आणि किती वेळा ऐकलं तेही आणता येतं. मात्र पैसे मोजावे लागतात. चाचणी आवृत्तीत थोडीच गाणी निघतात, पण यादी पूर्ण दिसते. म्हणून विकत घेण्याआधी एवढंच बघा, की आपली नावं त्या यादीत दिसतायत का. काकांची दिसली आणि मी पैसे भरले. चाळीस गाण्यांसाठी प्रोग्रॅम विकत घेणं महाग वाटेल, पण ती नावं परत लिहायची तर लिहिणार कोण? तबल्याला कोण होतं हे सांगणारी निम्मी माणसं आता नाहीत.

पैसे द्यायचे नसतील तर लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. उबंटू हा तिचा एक प्रकार पेन ड्राइव्हवर घालून तिथूनच चालवता येतं, लॅपटॉपवरच्या विंडोजला हात लागत नाही. त्यातला रिदमबॉक्स हा गाण्यांचा प्रोग्रॅम आयपॉड ओळखतो आणि गाणी नावानिशी दाखवतो. थोडी खटपट आहे. ज्याला बायोस हा शब्द ऐकून घाम फुटतो त्यानं सरळ पैसे द्यावेत.

काकांकडं मी दोन्ही केलं, आधी हाताची प्रत आणि मग प्रोग्रॅमची. पहिली प्रत नावांशिवाय का होईना, सुरक्षित पडून राहिली. जुनी हार्ड डिस्क दोन तास सलग फिरवणं म्हणजे सत्तरीतल्या माणसाला गणपतीच्या मिरवणुकीत चालवण्यासारखं आहे. एकदा धड पोचला तर पोचला. आतून टकटक आवाज येत असेल तर प्रोग्रॅम निवडत बसू नका, आधी जे महत्त्वाचं ते हातानं ओढून घ्या.

दोन अपवाद

आयपॉड टच, म्हणजे चाक नसलेला, फोनसारख्या स्क्रीनचा, असेल तर दुसरा मार्ग बंद. त्याला डिस्क मोड नाही, गाण्यांचं फोल्डर तसं उघडत नाही. तिथं प्रोग्रॅमच.

दुसरा अपवाद जास्त धोक्याचा. आयपॉड पहिल्यांदा मॅकवर जोडला गेला असेल तर त्याची डिस्क मॅकच्या पद्धतीची असते. विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते साळसूदपणे म्हणतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. फॉरमॅट केली की संपलं. माधवनगरच्या एका मित्राचा आयपॉड असा होता, भावानं अमेरिकेतून मॅकवर भरून पाठवलेला. तो आम्ही पेन ड्राइव्हवरच्या उबंटूतून वाचला, तिथं मॅकची डिस्क उघडते. उलट अडचण येत नाही. विंडोजवर लावलेला आयपॉड मॅकला वाचता येतो.

नव्या कॉम्प्युटरवर काय ठेवायचं

मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या सिस्टीमच्या आवृत्तीपासून आयट्यून्स राहिलेलं नाही. गाणी म्युझिक नावाच्या ॲपमध्ये, आणि आयपॉड जोडला की तो फाइंडरमध्ये दिसतो. शोधत बसू नका.

विंडोजवर मात्र निवड करावी लागते. ॲपलनं आता ॲपल म्युझिक आणि ॲपल डिव्हायसेस असे वेगळे प्रोग्रॅम काढलेत. ते टाकले की आयट्यून्सकडं पॉडकास्ट आणि ऑडिओबुकं एवढंच राहतं. ज्याचा सगळा संसार चाकाच्या आयपॉडभोवती आहे त्यानं ते प्रोग्रॅम न टाकता नुसतं आयट्यून्स ठेवावं, असं माझं मत. काकांच्या लॅपटॉपवर तेच ठेवलंय. आयपॉडच्या सेटिंगमध्ये गाणी हातानं सांभाळायची खूण करून ठेवली, म्हणजे जोडल्याबरोबर तो आपणहून काही करायला जात नाही.

"हे सगळं फोनवर मिळत नाही होय रे?" असं काकूंनी विचारलं. विकतच्या सीडींवरचं बरंचसं मिळतं. तुमच्या आयपॉडमध्ये तेवढंच असेल तर खरंच या भानगडीत पडू नका, फोनवर ऐका आणि आयपॉड कपाटात ठेवा. काकांच्या माडीवरचं गाणं मात्र कुठल्याच ॲपवर नाही.

प्रोग्रॅममधून आलेल्या चाळीसपैकी सदतीस रेकॉर्डिंग्ज नावानिशी आली. उरलेल्या तीन आयपॉडमध्येही 'ट्रॅक ०१' अशाच होत्या, कुणी नावच दिलं नव्हतं. काका आता रोज सकाळी वही घेऊन बसतात. दोन ओळखल्या. तिसरीत मध्येच कुकरची शिट्टी आहे आणि कुणीतरी "अगं, बंद कर" म्हणतंय. तो आवाज कुणाचा, यावर काका-काकूंचं अजून एकमत झालेलं नाही.