स्कूबाचं 'लायसन्स', 22 हजार आणि माझी सही

आधी आकडा सांगून टाकते म्हणजे सुटले. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून समुद्राखाली जायच्या कोर्सचे 22 हजार आणि वर मास्क-फिन्सचे (पाण्यातला चष्मा आणि पायातले पंख) साडेचार हजार. नवऱ्याला अजून फक्त कोर्सचे माहितीयेत.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकले आणि अंगात वारं शिरल्यासारखं झालं, आता समुद्रच बघायचा. सकाळच्या बॅचमधली मैत्रीण म्हणाली अगं एक सर आहेत, स्कूबाचं लायसन्स देतात, माझ्या दिराने केलंय. दिराने केलंय म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. (दिराने फक्त फोनवर चौकशी केली होती, हे खूप नंतर कळलं.)

सर बोलायला एकदम गोड. कार्ड इंटरनॅशनल, लाइफटाइम, 'पॅडीला इक्विव्हॅलंट' (पॅडी म्हणजे PADI, स्कूबाची सर्टिफिकेट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था). 5 हजार जीपे केले, बाकीचे कॅश द्या म्हणाले, जीएसटी वाचेल तुमचा. पावती नाही, आणि मीही मागितली नाही, वाचतायत ना पैसे.

ट्रेनिंग म्हणजे दोन रविवार एका सोसायटीच्या पूलमध्ये, जिथे सगळ्यात खोल पाणी माझ्या छातीपर्यंत. आम्ही सात जण आणि सिलिंडर दोन, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं आणि उरलेला वेळ काठावर उभं राहून एकमेकांचे व्हिडिओ काढणं. कोणाला पोहायला येतं का हे बघितलं नाही, मेडिकल फॉर्म नाही. एका दादांना दमा होता, त्यांनी स्वतःहून सांगितलं तर सर म्हणे काही होत नाही, उलट ऑक्सिजन मिळेल तुम्हाला. सिलिंडरमध्ये साधी हवाच दाबून भरलेली असते हो! आणि दमा असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय खाली न्यायचंच नसतं. पण तेव्हा आम्ही सगळे माना डोलावत होतो.

मग मालवण. रात्रीच्या तुतारीने कुडाळ, तिथून गाडी. बोटीवरची पोरं चांगली होती, त्यांना वाटलं आम्ही नेहमीचे पर्यटक. पाठीमागून सिलिंडर धरून एकेकाला खाली नेलं, वीसेक मिनिटं, मासे, फोटो, वर. मजा आली हे खोटं कशाला बोलू. संध्याकाळी सुरमई थाळीनंतर सरांनी सात लॉगबुक काढली, म्हणजे डायव्हरने केलेल्या प्रत्येक डाइव्हची नोंदवही. प्रत्येकात चार डाइव्ह आधीच भरलेल्या, एकाच पेनाने, शेवटची 18 मीटर. मी म्हटलं, सर, आपण तर एकदाच गेलो की. तर म्हणे ताई, तुमचा कॉन्फिडन्स बघून देतोय, सगळ्यांना नाही देत. आणि मी सही केली. पैशांपेक्षा हे जास्त टोचतंय.

फेब्रुवारीत आम्ही अंदमानला गेलो. स्वराज द्वीपवरच्या डाइव्ह सेंटरमध्ये मी ऐटीत कार्ड काढलं. तिथल्या मुलीने उलटसुलट करून बघितलं, कार्डावर ना संस्थेची वेबसाइट ना इन्स्ट्रक्टरचा नंबर. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली मॅडम, उथळ पाण्यात एकदा मास्क काढून परत घालून दाखवा. मला तर हे कोणी शिकवलंच नव्हतं. मास्क निघाला, नाकात पाणी गेलं, आणि मी श्वास रोखून धडपडत वर आले. कंबरभर पाणी होतं म्हणून फक्त लाज गेली. तिने नंतर समजावलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण 10 मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुफ्फुस फाटू शकतं. स्कूबाचा पहिला नियमच श्वास रोखू नका हा आहे. आम्हाला पहिला नियम सांगितला होता की गोप्रोकडे बघून हसा.

खरा 'ओपन वॉटर', म्हणजे डायव्हरचा पहिला कोर्स कसा असतो ते तिच्याकडूनच कळलं. 200 मीटर पोहून दाखवायचं, 10 मिनिटं तरंगायचं, पूलमधली पाच सेशन्स, मग समुद्रात चार डाइव्ह आणि त्याही किमान दोन दिवसांत. त्यानंतर 18 मीटरपर्यंतची परवानगी. आम्ही मालवणला केलं ती ट्रायल डाइव्ह, त्यात काही वाईट नाही, पण त्याने कोणी डायव्हर होत नाही. इन्स्ट्रक्टरला नंबर असतो, तो संस्थेच्या साइटवर टाकून बघता येतो, तो सध्या शिकवू शकतो का तेही दिसतं. दोन मिनिटांचं काम. आणि पैसे घेण्याआधी जो मेडिकल फॉर्म पुढे करत नाही त्याला टोकनसुद्धा देऊ नका. मास्कचंही तसंच, पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास ओढायचा, चिकटून राहिला तर तुमचा. माझा साडेचार हजारांच्या सेटमधला टपकन पडला.

सरांना फोन केला तर सर्व्हर अपडेट व्हायला वेळ लागतो म्हणे. दुसऱ्यांदा उचलला नाही, तिसऱ्यांदा ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण दाखवायला जीपेचे 5 हजारच, कॅशचा पुरावा कुठून आणू?

बॅचमधल्या सगळ्यांना कळवलंय. पाच जणांनी कार्ड फेकलं. दम्यावाले दादा मात्र पुढच्या आठवड्यात कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डाइव्हला चाललेत, म्हणतात ताई, एवढे पैसे भरलेत, आणि लॉगबुकात चार डाइव्ह आहेत की माझ्या.