शिवी छापणार नाही म्हणणारं राजारामपुरीतलं टी-शर्टचं दुकान

फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या तालमीच्या संघाच्या समर्थकांसाठी टी-शर्ट करून घेतले. ज्या दुकानात केले त्याबद्दल हे लिहितेय. दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत, मुख्य रस्ता सोडून आत गल्लीत आहे. नाव देत नाही, कारण मालकांनीच नको म्हटलं. का ते पुढं येईल. टी-शर्टचा रंगही सांगत नाही. इथं संघाचा रंग सांगितला की पेठ वेगळी सांगावी लागत नाही.

आधी मालाचं बोलते. कापड 180 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं, बायोवॉश करून मऊ केलेलं तिरुपूरचं कॉटन. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दुपारच्या उन्हात बसणाऱ्याला पॉलिस्टर नको वाटतं, आणि हे मालकांना सांगावं लागलं नाही. त्यांनीच विचारलं, "खेळणाऱ्यांसाठी की बघणाऱ्यांसाठी?" खेळणाऱ्यांना ते घाम लवकर वाळणारं कापड आणि सबलिमेशन, म्हणजे उष्णतेनं रंग धाग्यात मुरवायची छपाई, सुचवतात, बघणाऱ्यांना सुती. पाठभर मोठा रबर प्रिंट केला की तेवढा भाग हवा घेत नाही, पाठीला चिकटतो. म्हणून अक्षरं थोडी लहान आणि मोकळी ठेवा म्हणाले. एका रंगाला एक स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी लागते, तेव्हा चार रंगांचा लोगो दोन रंगांत बसवला तर पैसे वाचतात, हेही त्यांनीच दाखवलं. गडद कापडावर पांढरी शाई एकदाच मारली की काही धुण्यांत खालचा रंग डोकावतो. इथं दोन हात मारतात, मध्ये गरम करून. आमचे शर्ट बऱ्याचदा धुऊन झाले, अक्षराला तडा नाही, गळ्याची पट्टी सैल नाही.

मराठी अक्षरांची काळजी घेणारे छपाईवाले फार कमी. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, आणि तसंच छापून हातात देणारे मी पाहिलेत. इथं मालकांची मुलगी मजकूर बसवते, बी.कॉम.ला आहे. तिनं व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला, वेलांटी दुरुस्त करून पुन्हा पाठवला, आणि मी 'छापा' म्हटल्यावरच स्क्रीन केली. साठ नग, नगाला 290 रुपये. बाहेर यापेक्षा स्वस्तात करून देतात, पण कापड पातळ असतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते. मजकूर आमच्या पोरांनी ठरवला होता. पुढं छातीवर तालमीचं नाव, आणि पाठीवर समोरच्या पेठेला उद्देशून एक ओळ. त्या ओळीत आईवरची शिवी, अख्खी, ठळक अक्षरांत. दरवर्षी हे काम माझा भाऊ करतो. यंदा तो गावाला होता म्हणून वर्गणी माझ्याकडं आली आणि दोन पोरांना घेऊन मी गेले. ती ओळ मला पटली नाही हे मी त्यांना रिक्षातच सांगितलं होतं. "ताई, स्टेडियमवर सगळेच म्हणतात की," एवढंच उत्तर मिळालं होतं.

मालकांनी कागद वाचला आणि परत आमच्याकडं सरकवला. "हे आपण छापत न्हाई."

"काका, पैसे वाढवून घ्या की."

"पैशाचं न्हाई रं. आत बघ जरा." आत त्यांची बायको छापलेले शर्ट मशीनखालून काढून वाळत टाकत होती, मुलगी शेजारी बसून घड्या घालत होती. "साठ शर्ट ह्या दोघी उचलणार. साठ वेळा ही ओळ त्यांच्या हातातनं जाणार. तुझ्या आईला बसवशील का हितं घडी घालायला?"

एकानं मान खाली घातली. दुसरा तयारीचा होता. "मग इंग्रजीत छापा," म्हणाला.

"इंग्रजीत छापलं की आई बदलती व्हय?"

यापुढं त्यांनी भाषण दिलं नाही की आम्हाला घालवलंही नाही. चहा मागवला आणि दुसरा मजकूर लिहायला कोरा कागद दिला. पाठीवर शेवटी 'आमचा नाद करायचा नाही' असं आलं. समोरच्या पेठेला डिवचायला ते पुरतं, आणि माझ्या सासूबाईंच्या समोर दोरीवर वाळत घालता येतं. अशी गिऱ्हाइकं परत पाठवली की काही पोरं दुकानापुढं येऊन दंगा करतात, म्हणून नाव नको, असं मालकांनी निघताना सांगितलं.

कोल्हापूरच्या बोलण्यात शिवी आहे. मी इथंच वाढले. मित्र मित्राला शिवी देऊन हाक मारतो, त्यात राग नसतो, हे मला बाहेरच्या कुणी समजावून सांगायला नको. गोल हुकला की माझ्याही तोंडून काहीबाही जातं. पण तोंडातली शिवी दोघांत पडते आणि विरते. शर्टावरची घरातून निघते, केएमटीच्या बसमध्ये चढते, स्टेडियमवर बसते, मिसळीच्या गाडीपाशी उभी राहते. शिवाय ती पाठीवर असते. घालणाऱ्याला ती दिसतच नाही, मागच्या पायरीवर बसलेल्या प्रत्येकाला दिसते. माझी मुलगी चौथीत आहे आणि सध्या दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचते, दुकानांच्या, बसच्या, ट्रकच्या मागच्या. मॅचला ती माझ्याबरोबर येते. तिच्यापुढच्या पायरीवर तो शर्ट आला असता तर तिनं तोही वाचला असता, आणि मग अर्थ विचारला असता.

माझा भाचा पुण्यात कायदा शिकतो. त्याच्याशी या विषयावर माझा चांगलाच वाद झाला. त्यानं अमेरिकेतला कोहेन खटला काढला. 1968 च्या एप्रिलमध्ये एक तरुण लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या आवारात जाकीट घालून गेला. जाकिटावर व्हिएतनाम युद्धासाठीच्या सक्तीच्या सैन्यभरतीला उद्देशून शिवी होती. त्याला तीस दिवसांची कैद झाली. 1971 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा पाच विरुद्ध चार अशा निकालानं रद्द केली. ज्यांना ते शब्द बघवत नाहीत त्यांनी नजर वळवावी, असंही न्यायालयानं म्हटलं.

त्या तरुणाची बाजू मला पटते. सरकार पोरांना लढाईवर धाडत होतं आणि त्याचा राग त्या सरकारवर होता. त्याच्या जाकिटानं कुणाची आई मध्ये ओढली नव्हती. आमच्या पोरांचा राग कसला, तर मागच्या वर्षी फायनलला हरलो त्याचा. त्यासाठी पलीकडच्या पेठेतल्या, कधी मैदानाकडं न फिरकलेल्या बाईचा उद्धार कशाला? आणि नजर वळवायचं म्हणाल तर न्यायालयाच्या आवारात माणूस पुढं निघून जातो. स्टेडियमच्या पायरीवर नव्वद मिनिटं त्या पाठीवरूनच खेळ बघायचा असतो.

आपल्याकडचा कायदा भाच्यानंच उलगडून सांगितला. भारतीय न्याय संहितेच्या 296 कलमात सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका वेब मालिकेच्या प्रकरणात शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता ठरत नाही असं सांगितलं. म्हणजे पोलिसांकडं बोट दाखवून हा विषय सुटत नाही. आणि सुटावा असंही मला वाटत नाही. पोरांना चौकीत बसवून काय मिळणार? म्हणूनच गिऱ्हाईक गमावायची तयारी ठेवून गल्लीतल्या एका दुकानदारानं 'मी छापणार नाही' म्हणणं मला मोलाचं वाटलं.

आमची पोरं मँचेस्टर युनायटेडची जर्सी घालून फिरतात, म्हणून त्यांना मी इंग्लंडमधल्या वेम्बली मैदानाचा किस्साही सांगितला. जून 2023, एफए कपची फायनल. एक प्रेक्षक युनायटेडचा शर्ट घालून आला. पाठीवर 97 आकडा आणि वर इंग्रजीत 'पुरेसे नाहीत' अशा अर्थाचे दोन शब्द. शिवी एकही नाही. पण 1989 च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिच्यात लिव्हरपूलचे 97 समर्थक गेले, हे तिथं पोराटोरांना ठाऊक आहे. त्या माणसाला अटक झाली, त्यानं गुन्हा कबूल केला, 1,000 पौंड दंड आणि चार वर्षं फुटबॉलच्या मैदानावर यायला बंदी. मॅच बघायला आपल्या लेकराला पाठवलं आणि ते घरी आलंच नाही, अशा आईबापांना तो शर्ट वाचावा लागला. पोरं ऐकत होती. त्यांना हे नवीन होतं.

सगळ्यांना पटलं असं नाही. एकानं दुसरीकडून गरम दाबून चिकटवायचा डीटीएफ स्टिकर लावून तो शिवीवाला शर्ट करून घेतलाच, आणि पहिल्याच मॅचला घालून आला. मी त्याला गेटच्या आत गाठलं आणि उलटा करून घाल म्हटलं. तोंड वाकडं केलं, पण घातला. नंतरच्या मॅचला साठातला शर्ट घालून आला.

दुकानाच्या तक्रारीही आहेत. दिलेल्या तारखेला माल मिळाला नाही, चार दिवस उशीर झाला. आधी कळवलं असतं तर माझी फेरी वाचली असती. फोन दुपारी उचलत नाहीत. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बायकांच्या मापाचे शर्टच नाहीत. सगळे एकाच कटाचे, त्यात 'एस' घेतला तरी खांदा उतरतो, आणि मुलीच्या मापाचा तर मिळालाच नाही. तिचा मी घरी मशीनवर आवळून दिला. मॅचला येणाऱ्या बाया-मुली कमी नाहीत, त्यांचा विचार आता व्हायला हवा. हे मी मालकांच्या बायकोलाच सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या मालात लेडीज कट मागवते म्हणाली.

ऑर्डर द्यायची असेल तर दिवाळी झाली की लगेच द्या. डिसेंबरात सगळ्या पेठांची गर्दी एकदम होते. शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, प्रिंटवरून इस्त्री फिरवू नका. पत्ता हवा असेल त्यांनी मला वेगळं विचारा, देते.