पाहुणे कुत्र्याला घाबरतात? दाबाने बसणारं फाटक कसं आहे

ठाणे-नवी मुंबईच्या वन बीएचकेत दार उघडलं की पाहुणा थेट हॉलमध्ये, कुत्र्यासमोर. बेडरूममध्ये कोंडलं तर कुत्रा दार खरवडतो आणि त्या आवाजाने पाहुणा आणखी धास्तावतो. दाराच्या चौकटीत ड्रिलशिवाय, स्क्रूच्या दाबावर बसणारं लोखंडी फाटक यावर खरंच चांगला उपाय आहे.

चौकट वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. साधं फाटक साधारण ७५ ते ८२ सेंमीला बसतं. पुढे जोडपट्टी लागते. नव्या फाटकात कडीपाशी फट दिसते. तो दोष नव्हे, चारही स्क्रू आवळले की ती मिटते. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीवर स्क्रूच्या टोकाचं रबर सरकतं, म्हणून ते टोक बसवायच्या सोबतच्या वाट्या चौकटीला चिकटवाच. लॅब्राडॉरला ७६ सेंमी उंची अपुरी. तो पुढचे पाय टेकवून फाटक हलवतो. त्याच्यासाठी मीटरभर उंचीचं घ्या. खालच्या दांडीला आजी-आजोबा अडखळतात, तिथे रंगीत टेप लावा.

गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र आणू नका. आठवडाभर आधी रोज १० मिनिटं कुत्र्याला चघळायला देऊन पलीकडे बसवा, नाहीतर अडवल्याच्या चिडीनेच तो भुंकेल. पाहुण्यांना ६-७ फुटांवर बसवा, त्याच्याकडे टक लावू नका म्हणावं. कुत्रा आडवा होऊन शांत झाला आणि पाहुणे स्वतः म्हणाले, तरच पट्टा लावून बाहेर आणा.

पॉमेरेनियनच्या पिल्लाला हे नको. दांड्यांच्या फटीत डोकं अडकू शकतं.