बोस्टन रॉकर: पैसे रंगाचेच होते

मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतलेल्या बोस्टन रॉकर या डोलखुर्चीच्या पाठीचे दांडे हिवाळ्यात सैल झाले आणि डोलताना खुर्ची कुरकुरू लागली. हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडते, लाकूड आकसते, तेव्हा इतके गृहीतच होते. संताप आला तो दुरुस्ती करणाऱ्याचा, कारण सगळा रंग खरवडून नवा चकचकीत काळा रंग लावू दिला तरच सांधे चिकटवून देईन, असा हट्ट त्याने धरला.

या खुर्चीत पैसे मोजायचे ते रंगाचेच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू इंग्लंडमध्ये ती घडू लागली, तेव्हा बैठक पाइनची आणि दांडे मेपल किंवा बर्चचे असत. ही सरमिसळ रंगाखाली झाकली जाई. माझ्या खुर्चीवर तांबड्या अस्तरावर काळ्या रंगाचा हात फिरवून रोझवूड या महागड्या लाकडाचा भास साधला आहे. डोक्यामागच्या रुंद पट्टीवर व्हार्निश पुरते वाळण्याआधी पानांच्या नक्षीचा साचा ठेवून ब्राँझची पूड मखमलीच्या बोळ्याने चोळली आहे, त्यामुळे प्रत्येक पानाची कड लखलखीत दिसते आणि मध्याकडे सोने विरत काळ्यात मिसळते. सोनेरी रंगाने नंतर गिरवलेल्या नक्षीत ही छटा येत नाही. पान सपाट दिसते. संग्राहक भिंग घेऊन पाहतात ते हेच.

खरेदी करताना खुर्चीच्या हातांवरचा उडालेला रंग दाखवून मी भाव पाडून घेतला होता. आता तीच झीज मला खुर्चीची जमेची बाजू वाटते, कारण ती तळवा टेकतो तिथेच आहे; जिथे कुणाचा स्पर्श होत नाही तिथे रंग घासलेला दिसला, तर शंका घ्यावी. कनेक्टिकटचे प्रसिद्ध खुर्ची-निर्माते लँबर्ट हिचकॉक यांच्या खुर्च्यांवर असतो तसा नावाचा छाप माझ्या खुर्चीवर नाही, म्हणूनच ती परवडली.

खरवडण्याला माझा आणखी एक आक्षेप आहे. एवढ्या जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते आणि त्याची धूळ घातक असते. घरात रांगते मूल असेल, तर रंगाचे पोपडे सुटणारी खुर्ची घेऊच नये.

अखेर दुसऱ्या कारागिराने जुना सरस गरम पाण्याने सोडवला, दांडे पुन्हा सरसानेच बसवले आणि रंगाला धक्काही लावला नाही. मजुरी वाजवी होती. पुढच्या हिवाळ्यात त्या खोलीत ह्युमिडिफायर चालू ठेवणार आहे. त्याचे वीजबिल या दुरुस्तीपेक्षा नक्कीच कमी येईल.